नानांच्या सायकलीचं फ्रीव्हील

रविवारी सकाळी चहा पिऊन मी फ्रीव्हील काढायला बसलो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत ते आणखी घट्ट करत राहिलो.

माझी बाजू सांगतो. सायकलीच्या मागच्या चाकाला उजवीकडे जे दातेरी चक्र असतं, ज्याच्यावरून चेन जाते, ते फ्रीव्हील. आपण पायडल मारायचं थांबवलं तरी सायकल पुढे पळत राहते आणि मागून टकटकटक आवाज येतो, तो त्याचाच. मी त्याला जुन्या चेनचा तुकडा गुंडाळला आणि पाना लावला. एका बाजूला फिरवलं तर नुसतं टकटकटक, पकडच नाही. दुसऱ्या बाजूला फिरवलं तर पक्कं धरलं. आता तुम्हीच सांगा, शहाणा माणूस जोर कुठे लावेल? जिथे धरतंय तिथेच ना? मी तिथेच लावला. चाक मांडीवर घेऊन, भिंतीला पाय देऊन, दात ओठ खाऊन लावला. बायको अधूनमधून स्वयंपाकघरातून विचारायची, "निघालं का हो?" मी म्हणायचो, "हलतंय." हलत होतं, हे खोटं नाही. आत जात होतं.

संध्याकाळी फाट्यावरच्या सायकलवाल्याने चाक हातात घेतलं, छिन्नी लावून हातोडीचे दोन दणके दिले, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हे कोणी आवळलंय एवढं?"

"जुनी सायकल आहे," मी म्हटलं. "गंजलं असेल."

आता यात सगळ्यात लाजेची गोष्ट अशी की मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठल्या यंत्राला कुठला सुटा भाग बसतो हे बघणं, तो मागवणं, आला की तपासून घेणं, एवढ्यावरच माझं आयुष्य चाललेलं आहे. आमच्याकडे साध्या वॉशरलाही लांबलचक नंबर असतो. तो नंबर टाकला की वस्तू येते आणि बसते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूचा कुठलाही भाग मिळतो, नंबर तेवढा माहीत पाहिजे, अशी माझी समजूत झाली होती. त्या समजुतीपायीच मी घरात सगळ्यांसमोर म्हणून बसलो होतो, "एवढंच ना? आणतो मी."

सायकल सासऱ्यांची. त्यांना घरात नाना म्हणतात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली ती याच सायकलवर. काळी, उंच दांड्याची, लोखंडी सळ्यांच्या ब्रेकची, मागे भक्कम स्टँड. ती त्यांनी कोणाकडून तरी जुनीच घेतली होती, म्हणजे तिचं खरं वय तिलाच ठाऊक. सासूबाई गेल्यानंतर नाना आमच्याकडे राहायला आले तेव्हा टेम्पोत एक ट्रंक, एक खुर्ची आणि ही सायकल होती. खुर्ची आणि ट्रंक वर फ्लॅटमध्ये आली, सायकल खाली पार्किंगमध्ये माझ्या मोटारीच्या शेजारी उभी राहिली.

लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जात होतं. त्यांच्या पिढीला लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही संकोच, इथे तर तिन्ही त्रिकाळ जेवायचं. ते सोफ्यावर बसायचे तेही कडेला, पाहुण्यासारखे. मी खोलीत आलो की उठून उभे राहायला बघायचे. आणि मला, म्हणजे जावयाला, त्यांनी लग्नापासून आजवर एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. एकदा मी सहज म्हणालो, "नाना, साखरेला कारलं चांगलं." पुढचे कितीतरी दिवस ते पानातलं कारलं मुकाट्याने संपवत होते. मला वाटलं, माणसाला आवडलं. बायकोने नंतर सांगितलं की लहानपणापासून त्यांना कारल्याच्या वासानेही मळमळतं.

तर या नानांना कंपवात झाला. हाताची थरथर आम्ही सगळ्यांनीच वयावर ढकलली होती. पण मग पाय अडकायला लागले. चांगले चालता चालता ते खोलीच्या उंबऱ्याशी, लिफ्टच्या दारात, कधी नुसत्या फरशीचा रंग बदलतो तिथे एकदम थांबायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. चेहऱ्यावरून कळायचं की आत जोर लावताहेत, पण पाऊल उचलायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, "औषध चालू राहील, पण पाय चालते ठेवा. एकदा अंथरुणाला खिळले की पुन्हा उभं करणं अवघड जातं." त्या दिवशी बायको जेवली नाही. नंतर तिचं एकच चाललं होतं: आज नाना कुठवर चालले, काल कुठवर चालले होते. उघड ती काही बोलायची नाही. नुसती त्यांच्या मागे मागे, काहीतरी आवरायचं निमित्त काढून हिंडायची.

आणि एक दिवस पार्किंगमध्ये नाना लिफ्टकडे जाताना अडकले ते नेमके सायकलीपाशी. आधाराला हात हँडलवर गेला. बायको सांगते, ती काठी घ्यायला वळली आणि परत पाहते तर नाना सायकलवर. स्टँडवर लावलेली सायकल, मागचं चाक अधांतरी, आणि नाना पायडल मारताहेत. ज्या पायांना एक पाऊल टाकता येत नव्हतं ते पाय गरगर फिरत होते. तिने मला कारखान्यात फोन केला. रडत होती की हसत होती, कळेना.

घरी व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, तिला हे सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, काही जणांचं असं होतं, चालता येत नाही पण सायकल जमते. मात्र तिने एक खोड काढली. नानांचे पाय मध्येच थांबले की चाक आपलं फिरतंच राहायचं, टकटकटक करत, आणि पाय तिथेच गोठायचे. मग पुन्हा सुरुवात करायला तेवढीच झटापट. "व्यायामशाळेतल्या सायकलींचं चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेलं असतं," ती म्हणाली. "चाक फिरतं तोवर पायांना थांबू देत नाही. तसं काहीतरी पाहिजे."

आमच्या सोसायटीच्या व्यायामशाळेत तसली सायकल आहे. तिथे नेलं तर नाना तिच्यावर चढेनात. तिचे दिवे, तिची टूंटूं, तिचा वीतभर आसनाचा तुकडा. त्यांचा पाय आपल्याच सायकलीला ओळखत होता.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. फ्रीव्हील काढायचं, त्याजागी न सुटणारं चक्र लावायचं. त्याला फिक्स म्हणतात. एवढंच ना?

पहिलं चक्र मी मोबाईलवरून मागवलं. फोटोत हुबेहूब होतं. आलं ते सहा भोकांचं, बोल्टने आवळायचं. आमच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याला, बोल्टचा पत्ता नाही, तिथे आटे. परत पाठवलं. दुसरं आलं ते आतून खाचांचं, गिअरच्या सायकलींना बसतं तसलं. तेही परत. कुरिअरचा माणूस मला ओळखायला लागला. "आता काय, साहेब? येऊ द्यायचं की दारातूनच परत नेऊ?"

मग मी गंगापूर रोडच्या एका चकाचक सायकल शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने फार आदबीने विचारलं, "सर, हब कुठला आहे?"

"मागच्या चाकाचा," मी म्हटलं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, तुम्ही ना, भद्रकालीत विचारा."

भद्रकालीत एक जुनं दुकान आहे, छतापासून टायर लोंबताहेत, मालक त्यांच्यामागे कुठेतरी असतो. मी म्हटलं, फिक्स पाहिजे. आतून आवाज आला, "सर्कस काढताय का?" मग मालक बाहेर आला. म्हणाला, पूर्वी गावोगावी तो एक माणूस यायचा, मैदानात दिवसचे दिवस सायकलवरून न उतरता फिरायचा, तिथेच जेवायचा, तिथेच दाढी करायचा, त्याची असायची फिक्स. तेव्हा हे चक्र ठेवायचो. आता कोण मागतं? "बसणार कोण पण?"

"सासरे."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साहेब, सासऱ्यांशी काही जुनं भांडण आहे का?"

तरी त्याने माळ्यावर चढून, धुळीच्या डब्यांतून एक चक्र काढून दिलं. आटे जुळले! मी दुकानातच जवळजवळ नाचलो. घरी येऊन बसवलं. नाना चढले, पायडल मारलं, चाक भरारलं. मग त्यांचा पाय अडकला, चाकाने पायाला पुढे रेटलं, आणि कट् असा आवाज होऊन चक्र आपल्या आट्यांवरून सुटलं. चाक मोकळं, पाय गोठलेले. होतं तिथेच.

झालं असं की असलं चक्र पुढे पायडल मारलं की आवळतं, पण पायाने चाकाला अडवलं की उलटं सुटायला लागतं. म्हणून त्याच्यावर उलट्या आट्यांची एक रिंग बसवतात, ती त्याला धरून ठेवते. आमच्या हबला त्या रिंगसाठी उलटे आटेच नव्हते. म्हणजे ज्या घडीसाठी मी ते चक्र लावलं होतं, नेमकं त्याच घडीला ते साथ सोडणार होतं.

भद्रकालीवाला म्हणाला, पायडलचा दांडा जिथे बसतो तिथल्या कपाची रिंग लावून बघा, आटे तेच असतात. लावली. अर्ध्याच आट्यावर बसली. एक दिवस टिकली. फाट्यावरचा म्हणाला, हबच बदला. नवा हब आणला तर त्याची रुंदी वेगळी, सायकलीच्या चिमट्यात मावेना. फाट्यावरचा म्हणाला, मग चिमटा थोडा फाकवू. मी म्हटलं, नको. भंगारात कुठे जुना हब मिळेल म्हणून विचारत फिरलो, तर जो तो लिंक रोडच्या भंगार बाजाराचं नाव घ्यायचा. तो बाजार उठून कैक वर्षं झाली. मग मी आमच्या कारखान्यातला, आटे चिकटवायचा गोंद आणला. तो जेमतेम दोन दिवस टिकला, आणि त्या दोन दिवसांत मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की काम झालं.

या सगळ्या काळात नाना दर रविवारी खाली खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या हातात पाने द्यायचे. हात थरथरायचा, म्हणून पाना दोन्ही हातांनी धरून द्यायचे. मी विचारायचो, "नाना, ही रिंग बघू का लावून?" ते म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू." आठवड्यामागून आठवडे गेले. बेडरूमच्या दाराशी आता ते रोजच अडकायला लागले होते. बायकोने एकदा मला नुसतं म्हटलं, "लवकर होईल ना हो?" मी म्हटलं, "एक रिंग मिळाली की झालं." त्या वाक्यावर आमचे किती रविवार गेले देव जाणे.

शेवटी खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका वेल्डरने मार्ग काढला. म्हणाला, कशाला चक्रं शोधताय? जुनंच फ्रीव्हील आतून वेल्ड करून बंद करतो आणि हबलाही टाके मारतो. सगळं एकजीव. "पण एक आहे, साहेब. हे परत निघायचं नाही. चाक गेलं तर गेलं."

मी घरी येऊन नानांना विचारलं. त्यांनी पायजम्यावरून गुडघा चोळला. मग म्हणाले, "म्हंजे उतारावर पाय सोडून बसता यायचं नाय."

"नाना, स्टँडवर कुठला आलाय उतार?"

"हां, ते बी खरंय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

मी वेल्ड करून आणलं. वेल्डिंगचा उंचवटा चेनकव्हरला घासायला लागला, म्हणून मी चेनकव्हर काढून ठेवलं. मागच्या ब्रेकची सळईसुद्धा चाक बसवताना आड येत होती. म्हटलं, उभ्या सायकलीला ब्रेक काय करायचा?

तो रविवार मला नीट आठवतो, कारण इतका खूश मी बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो. नाना पांढरा पायजमा घालून, दाढी करून खाली आले. सायकलवर चढले. पायडल मारलं. चाक फिरायला लागलं, जड चाक, त्याचा हुंकार ऐकू येत होता. मग त्यांचा डावा पाय अडकला. मला दिसलं, गुडघा ताठ झाला. आणि चाकाने तो उचलून पुढे नेला. पुन्हा अडकला, पुन्हा नेला. मी ओरडलोच. मोबाईल काढला आणि बायकोला दाखवायला शूटिंग सुरू केलं.

"जोरात, नाना!"

त्यांनी जोरात मारलं.

"वा! अजून थोडं!"

अजून थोडं झालं. त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "दमलात का? थांबायचं?"

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. धाप लागली होती.

मी म्हटलं, "मग एवढं मिनिटभर."

पायजम्याची कड चेनमध्ये कधी गेली ते मी पाहिलंच नाही, मी मोबाईलच्या काचेत त्यांचा चेहरा बघत होतो. चर्रर आवाज आला. साध्या सायकलला पाय थांबवला असता, चेन थांबली असती. ही थांबेना. चाक स्वतःच्या जोरावर पायजमा ओढत होतं, त्याच्याबरोबर पाय, आणि नाना हँडल घट्ट धरून बसलेले, हूं की चूं नाही. ब्रेक मीच काढून ठेवलेला. मी टायर हाताने धरायला गेलो, तळहात भाजला. मग पायातली चप्पल काढली आणि शाळेत असताना उतारावर लावायचो तशी टायरवर दाबून धरली. चाक थांबलं. पायजमा गुडघ्यापर्यंत फाटला होता आणि पोटरी सोललेली होती.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "काय नाय, काय नाय. पायजमा जुनाच होता."

बायको तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन लिफ्टमधून बाहेर आली होती. तिने थर्मास खाली ठेवला. आम्ही दोघांनी त्यांना उतरवलं. मग ते लिफ्टच्या दारात अडकले. आम्ही तिघं तिथेच उभे. लिफ्टचं दार मिटायचं, मी बटण दाबायचो, उघडायचं, पुन्हा मिटायचं. मागे सायकल, तिच्या चेनमध्ये पांढऱ्या कापडाची चिंधी. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. "नाना, पाय उचला" एवढंही म्हणवेना, कारण मी म्हटलं असतं तर त्यांनी प्रयत्न केला असता.

"दमला होतात तर बोलला का नाहीत?" बायकोने त्यांना विचारलं.

"कसं बोलायचं, बाई?" ते हळूच म्हणाले, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण पार्किंगमध्ये सगळंच घुमतं. "एवढं कौतुकानं बघत हुते. मोबाईल धरला हुता."

"म्हणजे नकोय का तुम्हाला ही सायकल?"

"तसं नाय. पाय फिरतात की. बरं वाटतं. पण माणसानं थांबायचं कवा?"

बऱ्याच वेळाने पाऊल उचललं गेलं.

वर आल्यावर तिने त्यांना पलंगावर बसवलं, कपात चहा ओतून ठेवला आणि पोटरीला मलम लावायला घेतलं. मी बाहेरच्या खोलीत भाजलेला तळहात धरून बसलो होतो. आतून नानांचा आवाज आला आणि मी दचकलो. तो आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. खणखणीत होता.

"ए, राहू दे गं! झोंबतंय! नको म्हटलं ना एकदा! सरक तिकडं!"

"अहो नाना, लावू तरी द्या."

"नाय लावायचं! आन् तो चहा घेऊन जा, गार झालाय!"

मी ऐकत राहिलो. मला वाटलं, आत जाऊन त्यांच्यासमोर बसावं आणि सरळ विचारावं, नाना, खरं सांगा, उद्या बसायचं का सायकलवर? आणि बसलात तर थांबायचं कधी? पण उत्तर मला पाठ होतं. मी कसंही विचारलं असतं, हात जोडून विचारलं असतं तरी तेच आलं असतं. आणि चाक वेल्ड झालेलं होतं, त्याला आता कोणी उलगडू शकत नव्हतं.

बायको बाहेर आली. मलमाची ट्यूब टेबलावर ठेवली. माझा तळहात उलटसुलट करून पाहिला, त्यालाही थोडं मलम लावलं. माझी बाजू सांगायला मी तोंड उघडलं, तसं तिने मान हलवली.

"चेनकव्हर आणि ब्रेक तेवढा आजच्या आज परत बसवा," ती म्हणाली. "आणि उद्यापासून तुम्ही कंपनीत गेलात की मी बसवत जाईन त्यांना. मला ते नाही म्हणू शकतात."